जिवंत माणसांचं प्रदर्शन

३ एप्रिल १९९९, ओतूर
आजपासून रोज लिहिणार. पुढं आठवणी लिहायची वेळ आली की तारखा लागतील. फोटोग्राफर मोने सरांचं पुण्यात बत्तिसावं प्रदर्शन झालं, पेपरात मुलाखत आहे. तीस वर्षं, बत्तीस प्रदर्शनं, आणि फोटो काय, तर डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया. मला पहिल्यातच जमेल.
बापू म्हणाले, बी.ए. सोडलंस, ड्रायव्हिंग सोडलंस, आता ह्ये फोटोचंबी करून बघ. जूनपर्यंत काय झालं न्हाई तर मामाच्या खताच्या दुकानात बसायचं. वडील असले तरी बापूंना फोटोतलं काय कळतंय.

१९ एप्रिल
मोने सरांना पत्र टाकलं. ३० मे, शाळेचा हॉल, सुट्टीत रिकामाच असतो. विषय : ओतूरची जिवंत माणसं. बघायला या आणि पुण्याच्या गॅलरीत माझ्यासाठी शब्द टाका. नम्र लिहिलंय. अशा लोकांना तेच लागतं.
पहाटे पाचला उठून मेंढपाळांचे फोटो काढायला मेंढरांमागं जायचं. उद्यापासून.

१५ मे
पहाट हुकली. संध्याकाळचा उजेड पकडू म्हणून निघालो तर आळेफाट्यावर टीव्हीला मॅच. एकच ओव्हर बघायची होती. उठलो तर अंधार.
मेंढरं कॅन्सल. विषयच फालतू आहे. म्हातारे काढणार, ते एका जागी बसतात.

२४ मे, जुन्नर
बारा म्हातारे झाले. सगळ्यात भारी गेणभाऊ, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. ब्लॅक अँड व्हाइट, सोळा बाय वीस. फ्रेमवाला पप्पू बघतच राहिला. म्हणतो, लई वाईट झालं राव, एकदम बारा? जीप उलटली का? खाली, गेल्याची तारीख काय टाकू? म्हटलं, नुसती फ्रेम कर. देवांच्या तसबिरी करणाऱ्याशी कलेवर काय बोलायचं.

३० मे, संध्याकाळी
अकरापर्यंत कुणी नाही. मग हॉल झाडणारी साळुबाई आली. फोटो बघून गुपचूप गेली आणि उदबत्त्या घेऊन आली. म्हटलं, बाई, हे प्रदर्शन आहे. म्हणाली, आसंल, पण गेलेल्या मान्साचा मान न्हाई का ठिवायचा? एकपर्यंत बाराही फोटोंना हार. लोक चपला बाहेर काढतात, माझ्याशी हळू आवाजात बोलतात. एकानं दहावा कधी आहे विचारलं. या गावात कला दाखवणं म्हणजे मूर्खपणा.
तीनला गेणभाऊंची बहीण ठकूबाई मंचरवरून एसटीनं रडत आली. कुणीतरी फोन केला म्हणे. तिच्या मागोमाग गेणभाऊच आत आले. म्हणाले, ठके, रडू नगं, मी हितं हाय. मग फोटो बघितला आणि म्हणाले, हार बारका हाय. ठकूबाई माझ्यावर फिरली. मुडद्या, जित्या मान्साला हार? तुझ्या बापाचा फोटू लाव की.
मी हात जोडून सगळ्यांना हार काढायला सांगतोय, एवढ्यात दारात मोने सर. पेपरात बघितले होते तसेच. कॅमेरा काढून त्यांनी अख्खा रोल संपवला. जाताना एवढंच म्हणाले, उत्तम.
पुणं पक्कं.

१८ जून
दुकानात तात्पुरता बसतोय. युरियाच्या पोत्यांवर उजेड बरा पडतो. गेणभाऊ फ्रेम घेऊन गेले. तयारच हाय तर ऱ्हाऊ दे, म्हणाले, येळंवर धावपळ नगं. सरांचं पत्र नाही. मोठी माणसं सवडीनं लिहितात.

५ डिसेंबर, पुणे
मामांनी खताच्या कामाला पाठवलं. ते राहिलं, गॅलरीत गेलो. मोने सरांचं तेहतिसावं. मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो : हार घातलेले गेणभाऊ, धूर, आणि पुढं हात जोडून मी, तोंड उघडं. खाली चिठ्ठी, ‘शोकाकुल मुलगा. ओतूर, १९९९.’
सरांना गाठलं. म्हटलं, सर, मी पत्र टाकलं होतं. त्यांना पत्र आठवेना. म्हणाले, माळशेजला चाललो होतो, दाराबाहेर एवढ्या चपला दिसल्या म्हणून उतरलो. म्हटलं, फोटोतला तो मी. सर एकदम हळवे झाले. दोघा-चौघांना हाक मारली, मला फोटोशेजारी उभं केलं, खांद्यावर हात ठेवला. सगळे माझ्याकडं बघत होते. सरांनी विचारलं, वडील कधी गेले?
मी सांगितलं, तीस मेला.