रविवारची भवानी

प्रिय दाक्षायणी,

त्या सकाळी तू काटवटीत पीठ मळत होतीस, मी चुलीकडेला भाकरी उभ्या लावून कडक करत होते आणि तुझा शिवानंद दारात गाडीला गठ्ठे बांधत होता. दोरी ओढता ओढता म्हणाला, "अक्का, ही भाकरी हाय का पत्रा? ब्रेक मारला की पाठीत टोचतीय." तू पिठाच्या हातानंच त्याला ढकललंस आणि त्याच्या शर्टावर तुझी पाची बोटं उमटली. तसाच गेला तो कुंभारीपासून जुळे सोलापूरपर्यंत. आपल्या भाकरीविक्रीच्या टेबलाशी ज्यानं त्यानं विचारलं, तर म्हणाला, "कंपनीचा शिक्का हाय."

टेबल रविवारी नेमानं लागतंय. मथुराबाईंच्या शेतातली ज्वारी यंदाही चांगली आली. दर आपण काढणीच्या आधीच त्यांच्याशी बसून ठरवला होता, म्हणून बाजार पडला तरी त्या निवांत होत्या. टेबलावरच्या पाटीवर त्यांचं नाव घातलंय. पाटीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मतदान सोडून माझं नाव कुटं आलं नव्हतं बगा." पाकिटावर भाकरी करणारीचं नाव घालतो तेही चालूच आहे. शिवानंद गेल्यापासून तेवढं तुझं पाकीट नसतं. त्या निवृत्त शिक्षिका येतात, महानंदाची भाकरी कडकन मोडून चावतात आणि म्हणतात, "छान आहे की, पण दाक्षायणीची नाही." महानंदा फुगते. मग त्याच भाकरीची दोन पाकिटं नेतात, तेव्हा तिचा राग उतरतो.

महानंदाला तू म्हणालीस म्हणे, आता माझ्या हातनं भवानी कशी व्हायची? दिवसाची पहिली विक्री तुझ्या हातची, हे खरं. पण तुझ्याआधी ती कोण करत होतं? मीच, कपाळाला कुंकू नाही, नुसतं भस्माचं इबित लावून. एकही गिऱ्हाईक मागे फिरलं नाही. माझे गुडघे धरले म्हणून भवानी तुझ्याकडे दिली, तुझं कुंकू बघून नाही दिली. आमचे मालक गेल्यावर मीही घरात बसले होते. अजूनही पहिली भाकरी तव्यावरून उतरली की त्यांच्यासाठी बाजूला ठेवायला हात जातो. मी हाताला अडवत नाही. ती भाकरी मग मी चटणीबरोबर खाते आणि कामाला लागते. तुझंही तसंच होईल. दुःख कमी होत नाही, पण ते घेऊन कामं करता येतात, एवढं मी खात्रीनं सांगते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा त्या पॅकिंगवाल्या व्यापाऱ्याची गाडी तुझ्या दारात दिसली. काय बोलला ते मी न ऐकता सांगते. "वहिनी, चारचौघांत कशाला येताय, मी घरी येऊन माल उचलतो की." मलाही हेच म्हणाला होता आणि मला ती माया वाटली. ज्वारी त्याची, दर त्याचा, बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. त्याच दिवसांत रद्दीच्या कागदांवरून मी वाचायला शिकले. मग एकदा जुळे सोलापुरात भाचीकडे जेवायला बसले, तर ताटात माझीच भाकरी. कडेला माझ्या अंगठ्याचा दाब असतो, तसा दुसरीचा पडत नाही. पाकीट मागून घेतलं, अक्षर जुळवत वाचलं. नाव त्याचं, गाव त्याच्या गोदामाचं. भाची म्हणाली, "मावशी, लई महाग हाय, पर चव अगदी तुझ्या हातची की गं." मी भाकरी संपवली. दाक्षा, त्याला अजून हो म्हणाली नसशील तर म्हणू नकोस, आणि म्हणाली असशील तरी रविवारी ये. तुझी जागा टेबलाच्या पुढच्या बाजूलाच आहे. मला सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुला सांगते. भाचीकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माल न्यायला यायच्या आत मी टोपली घेऊन जुळे सोलापूरला गेले, रस्त्याकडेला बसले आणि माझ्या हातानं भवानी केली.

तुझीच,
गुरम्माक्का