साठ ग्रॅमचा पेला

मारतहळ्ळी, ३ नोव्हेंबर २०२४

ती. सोयराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. महिनाअखेर ऑफिसातल्या अजिंक्यबरोबर मागडीकडच्या डोंगरावर चाललोय, मुक्काम तंबूत. सगळं जमलं, फक्त चहाचा पेला ठरत नाही. टायटॅनियमचा साठ ग्रॅमचा, पण ओठ भाजतो म्हणतात. सिलिकॉनचा घडी होऊन खिशात मावतो, पण गरम चहानं लुळा पडतो. स्टीलचा जड. तीन आठवडे हेच चाललंय. तू तीस वर्षं शाळेच्या मुलींना डोंगर चढवलेस, तूच सांग. फोनवर ओरडतेस, म्हणून पत्र.

ओरडलीस तरी लोभ असू दे.
तुझा यशोवर्धन

कोरमंगला, ९ नोव्हेंबर

चि. यशोवर्धनास आशीर्वाद, वि. वि.

पोट धरून हसले. अरे, दिव्यश्रीला पाहायला गेलास तेव्हा चहा यायच्या आत होकार दिलास, आणि पेल्याला तीन आठवडे? साठ ग्रॅमची चिंता करण्यापेक्षा स्वल्प पोट कमी कर, तिथं किलोंनी वाचेल. आमच्या मुली डब्याच्या झाकणातून चहा प्यायच्या आणि तुझ्याआधी वर पोचायच्या. तुला डोंगर चढायचाय की पेल्याची वरात काढायचीय?

माया आहेच, ती वजनात धरू नकोस.
सोयराआत्या

मारतहळ्ळी, १४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिव्यश्रीनं जेवताना मोठ्यानं वाचलं. हसता हसता पत्र खाली ठेवलं. म्हणाली, आता आत्यांना खरं सांगा. जूनमध्ये माझ्या मणक्यातली गादी सरकली. दीड महिना पडून होतो. तुला सांगितलं, कामासाठी हैदराबादला आहे. आता डॉक्टर म्हणतात, जपून चढा, पण पाठीवर चार किलोंच्या वर नको. पाणीच दोन किलो. उरलेल्यात अंथरूण, कपडे, औषधं. म्हणून साठ ग्रॅम. पोट झोपून वाढलं.

हस, पण हळू.
यशोवर्धन

कोरमंगला, २० नोव्हेंबर

चि. यशोवर्धनास आशीर्वाद.

खोटारड्या, बिर्याणी कशी होती विचारलं तर तिखट म्हणालास!

सरी, बरं, आता कामाचं ऐक. शेजारच्या भव्याचे दोन पेले आणून उकळता चहा ओतून पाहिला. सिलिकॉनचा हातात दबला, अर्धा चहा माझ्या साडीवर. टायटॅनियमचाच घे. दोन मिनिटं थांबून पी, तेवढा धीर शिकशील. सामान बांधताना आत मोजे कोंब, म्हणजे जागा खाणार नाही. तुझं पाणी मी उचलेन. होय, येतेय. वय अडुसष्ट असलं तरी पाठ माझी धड आहे.

नको म्हणणारं पत्र लिहू नकोस, ते यायच्या आत मी तुझ्या दारात असेन.
सोयराआत्या

मारतहळ्ळी, ३ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाठ बरी आहे. शेवटच्या खडकाखाली कळ आली, मी बसलो, आणि तू एकही टोमणा मारला नाहीस, तेव्हाच मला भीती वाटली. अजिंक्यबरोबर वर जाऊन आलीस. म्हणालीस, नुसतं धुकं, काही दिसलं नाही, फुकट पाय मोडले, तू शहाणा ठरलास. ते ऐकून मी निवांत उतरलो.

काल ऑफिसात अजिंक्यनं वरचे फोटो दाखवले. लख्ख ऊन आहे. नाचणीची शेतं, तळं, एकामागे एक डोंगर. एका फोटोत तू त्या सगळ्याकडे पाठ करून खाली बघतेयस, मी बसलो होतो तिकडे.

बाकी क्षेम. धुकं नेमकं कुठं होतं, तेवढं कळव.
तुझा यशोवर्धन