गोठ्यातली जीप

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोहाडीत होम गॅरेज वर्कशॉप नेमकं कसं उभं राहिलं, हे पुढे माझं मलाच आठवणार नाही. म्हणून नोंद.

जीप काल बपेऱ्याहून आली. शेजारच्या धनीरामच्या ट्रॅक्टरमागे बांधून आणली. इंजिन उत्तम, फक्त सुरू होत नाही. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की गाडी तीन वर्षं कुठेच गेलेली नाही. म्हणजे वापर कमी.

जागा: आमचा गोठा. बैल विकून चार वर्षं झाली. आत फक्त यंदाच्या धानाची पोती. बायकोने, रत्नमालाने, विचारलं, पोती कुठं ठेवायची. मी म्हणालो, तो डिटेल झाला, आधी व्हिजन ठरू दे.

२५ नोव्हेंबर.
पोती बैठकीत. सोफा अंगणात. रत्नमाला म्हणते, पाहुणे आले तर पोत्यावर बसवीन आणि सरांचं व्हिजन आहे म्हणून सांगीन. सांगावं. लाजण्यासारखं काय आहे?

१ डिसेंबर, रविवार.
दिवसभर प्लॅन काढला. भिंतीवर टूल बोर्ड, प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगात, म्हणजे काय कुठे टांगायचं ते लगेच दिसतं. मध्ये इन्स्पेक्शन पिट: गाडी वर, माणूस खाली उभा. व्हिडिओत सगळ्या चांगल्या वर्कशॉपला असतो. कोपऱ्यात दोन खुर्च्या. तालुक्यातले कार शौकीन जमतील, चर्चा होईल.

बाह्यरेषा बावीस रंगवल्या. पाने सध्या सहा.

३ डिसेंबर. दुपारी, ऑफ तासाला.
स्टाफरूममध्ये जाहीर केलं: २६ जानेवारीला झेंडावंदनाचे प्रमुख पाहुणे माझ्या उघड्या जीपमधून शाळेत येतील. मुख्याध्यापिका बाई खूश. पाहुणे यंदा भय्याजी. वय एक्क्याऐंशी, मिलिटरीत ड्रायव्हर होते, हयात जीप चालवण्यात गेली. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो.  म्हातारा लगेच आत गेला आणि कोट काढून उन्हात टाकायला सांगितला. पावणेदोन महिने आधी!

वेळ भरपूर आहे.

८ डिसेंबर, रविवार.
पिट खोदायला सुरुवात. पहिला एक फूट मी स्वतः खोदला. कंबर. उरलेलं धनीरामने खोदलं, पण सल्ल्यासकट. म्हणे, "सर, इथं कायले खोदून राहिले जी? बाजूलेच माझी धानाची बांधी आहे. उन्हाळी धानाले पानी भरलं का इथं फुटन."

मी बावीस वर्षं भूगोल शिकवतो. भूजल हा नववीचा धडा आहे. तेवढंच सांगितलं. तो पुढे खोदत राहिला.

१२ डिसेंबर.
बस स्टँडजवळ चिंचेखाली कवडू मेकॅनिक बसतो, तीस वर्षांपासून. आज येता-जाता गोठ्यात डोकावला. म्हणाला, येऊन पाहून देऊ का? नम्रपणे नकार दिला. कवडू अनुभवाने काम करतो, मी प्रोसेसने. दोन पद्धती एकत्र केल्या की गोंधळ होतो. जाताना तो बोर्डावरच्या बाह्यरेषांकडे बराच वेळ पाहत होता. प्रभावित झाला असावा.

२२ डिसेंबर, रविवार.
इंजिन उघडलं. प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. ही माझी पद्धत. डबे रत्नमालाच्या मसाल्याचे. हळद आता पिशवीत आहे. थोडी कार्बोरेटरवर.

(नंतर: डिझेल गाडीला कार्बोरेटर नसतो असं समजलं. मग ज्यावर हळद आहे ते काय, याचा शोध चालू.)

२९ डिसेंबर.
आणखी भाग निघाले. नावं सगळ्यांची माहीत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या वर्णनात्मक केल्या: 'महत्त्वाचा'. 'याच्या शेजारचा'. 'बहुतेक मागचा'. 'पडला होता'. स्टिअरिंगही काढून भिंतीला टांगलं. एका बाह्यरेषेत जवळजवळ बसलं.

एकूण एकतीस डबे. एवढं एका गाडीत असतं याची लोकांना कल्पना नसते.

३ जानेवारी.
बॅटरी चार्ज करायला लावली. वास आला. प्लस-मायनसबद्दल व्हिडिओत पुरेसं स्पष्ट सांगत नाहीत.

संकल्प: नवीन वर्षात व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचे.

१२ जानेवारी, रविवार.
जोडणीला सुरुवात करणार होतो. पिटमध्ये गुडघाभर पाणी.

धनीरामने परवा रोवणीसाठी बांधीत पाणी भरलं. तो कुंपणावरून पाहत होता. "बोललो होतो" असं एकदाही म्हणाला नाही. हे जास्त लागतं.

पाणी बादलीने उपसलं. दोन तासांत पुन्हा तेवढंच. नववीच्या पोरांना एकदा इथे आणावं असा विचार मनात आला, प्रात्यक्षिक म्हणून. सोडून दिला.

१५ जानेवारी.
धनीरामची दोन बदकं पिटमध्ये. रत्नमाला त्यांना दाणे घालते. विचारलं, काहून घालतेस? म्हणाली, "या गोठ्यात कामावर आलेले तेच दोघं आहेत."

१९ जानेवारी, रविवार.
सात दिवस उरले. शांत आहे. घाईने काम बिघडतं. आज फक्त विचार केला.

२३ जानेवारी.
रस्त्यात भय्याजी भेटले. त्यांनी विचारलं, गिअर कडक तर नाही ना लागत? मी म्हणालो, अजिबात नाही. हे खोटं नाही. गिअरबॉक्स खाली ठेवला आहे, दांडा हाताने कसाही फिरतो.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी १०.
पहाटेच ठरवलं होतं, स्वतः जाऊन सांगायचं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. भय्याजी दारात खुर्ची टाकून बसले होते. कोट, त्यावर पदकं, बूट पॉलिश केलेले. मान रस्त्याकडे. मी मागे फिरलो आणि धनीरामला पाठवलं. मग मागच्या रस्त्याने शाळेत.

भय्याजी काठी टेकत पायी आले. धनीराम म्हणे ट्रॅक्टरवर बसा म्हणत होता, ते नाही बसले. झेंडावंदन पंधरा मिनिटं उशिरा झालं. भाषणात त्यांनी शिस्तीबद्दल सांगितलं. जीपचा उल्लेख नाही.

त्या वयात चालणं तब्येतीला चांगलंच असतं.

२७ जानेवारी.
कालचं शेवटचं वाक्य खोडायचं होतं. पेनने लिहिलंय. राहू दे.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
भय्याजी गोठ्यात आले. मी न बोलावता. जीपभोवती एक चक्कर मारली. पिटमधल्या बदकांकडे पाहिलं. मग ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले. चढायला वेळ लागला, मला हात लावू दिला नाही. समोर स्टिअरिंग नाही. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मी काढून दिलं. ते मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातांनी धरून. दहा मिनिटं. मग म्हणाले, "गाडी खराब नाही, मास्तर."

गेले.



९ फेब्रुवारी, रविवार.
बस स्टँडजवळ नालीचं काम निघालं. चिंचेखालची जागा गेली. कवडूला उठावं लागलं. तीस वर्षांची पेटी, जॅक, टायर सगळं हातगाडीवर घालून उभा होता. रत्नमाला आठवडी बाजारातून परतताना त्याला सरळ घरी घेऊन आली. मी म्हणालो, आधी चर्चा करायला हवी होती. ती म्हणाली, "त्याले जागा नाही, आपल्याले मेकॅनिक नाही. यात इचार कायचा?"

ठीक आहे. मी कवडूला टेक्निकल पार्टनर नेमलं आहे. त्याला अजून कळवलेलं नाही.

११ फेब्रुवारी.
कवडूने पिट मुरूम टाकून बुजवला. मला विचारलं नाही. बदकं परत गेली. टूल बोर्ड मात्र ठेवला, त्यावर तो शर्ट टांगतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.
वर्कशॉप जोरात. सकाळपासून दोन मोटरसायकली, एक मळणीयंत्र, धनीरामचा ट्रॅक्टर. कोपऱ्यातल्या दोन्ही खुर्च्यांवर माणसं बसून चर्चा करत होती. माझी कल्पना बरोबर होती, हे नोंदवतो. मला मात्र उभं राहावं लागलं.

जीपबद्दल विचारलं. कवडू म्हणाला, "नंबर पाचवा आहे सर."

स्वतःच्या गोठ्यात!

२३ फेब्रुवारी, रविवार.
नंबर आला. कवडूने एकतीस डबे ओळीने मांडले. रत्नमालाने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. 'पडला होता' ला खुर्च्यांवरची माणसंही हसली. मी पाणी प्यायला आत गेलो.

परत आलो तर ती कवडूला सांगत होती, हा आधी निघाला, मग तो, हा त्याच्या खालचा. मी थक्क. तुला कसं माहीत? म्हणाली, "तुमी काढत होते तवा मी खिडकीतून पायतच होती." मग तेव्हा बोलली का नाहीस? "तुमी इचारलं काय?"

२ मार्च.
मूळ बिघाड सापडला. डिझेलच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. तार घालून काढलं, पाच मिनिटं. कवडू बोलायला कडक नाही. तरी म्हणाला, "बिघाड नळीतच होता सर. बाकी दिवस तुमची दुरुस्ती दुरुस्त करा लागली."

 

९ मार्च, रविवार.
सकाळी आठला जीप तयार. बॅटरी मात्र मेलेली (३ जानेवारी पाहा), नवी उद्या येणार. मी म्हणालो, उद्याच काढू. पण भय्याजींना कोणीतरी आणलं होतं. कोट, बूट. ते म्हणाले, मिलिटरीत अर्ध्या गाड्या ढकलूनच निघत होत्या, हटा.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, भय्याजी, त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी होतो. तुम्हाला पाहून परत फिरलो. ते म्हणाले, "पायलं होतं मी तुले." आणि स्टिअरिंगवर हात ठेवले. विषय संपला.

शेजारच्या सीटवर रत्नमाला. मी म्हणालो, मालक म्हणून मी बसावं. कवडू म्हणाला, मागं चढा सर, पण पहिले धक्का. ढकलायला आम्ही पाच जण. बांधीच्या कडेच्या उतारावर गाडी धडधडली, धूर सोडला आणि निघाली. कवडू आणि धनीराम मागे उड्या मारून चढले. मला उडी जमली नाही. थांबा, थांबा, ओरडलो. कवडूने मागे वळून सांगितलं, "थांबवली तं बंद पडन सर!"

मी मागून निघालो. वाटलं, तळ्यापाशी वळून येतील. तळ्यापर्यंत चाललो. पुढे कालव्यापर्यंत. चपलेचा अंगठा तुटला.

सगळ्या वाटेने लोक मला थांबवून सांगत होते, सर, तुमची गाडी आत्ताच गेली. मस्त चालते.