तिसऱ्या मशीनवरचे सर

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या शाळेत अजून तुमचा फोटो लावलेला आहे, आणि त्याखाली 'विज्ञाननिष्ठ शिक्षक' असं लिहिलंय. परवा भाचीच्या गॅदरिंगला आष्टीला गेल्ते तेव्हा पाहिला. शिपायानं चहा आणून दिला आणि म्हणाला, "सरांसारखा माणूस पुन्हा होणार न्हाई." मी कप तसाच ठेवून बाहेर आले. तुमचं कौतुक ऐकत चहा पिणं मला जमत नाही.

नववीतला तो दिवस तुम्हाला आठवायचा नाही. मला सारखा ताप यायचा म्हणून आईनं दर्ग्यातून गंडा आणून माझ्या मनगटाला बांधला होता. तुम्ही फळ्यावर मूत्रपिंड काढत होता. मागं वळलात, गंडा दिसला, आणि मला पुढं बोलावून पेन्सिल तासायच्या ब्लेडनं सगळ्या वर्गासमोर तो कापलात. "माझ्या तासाला हे बिलकुल चालायचं न्हाई. डोकं वापरायचं, डोकं!" पोरं हसली. मला लाज वाटली, पण रागापेक्षा आदरच जास्त वाटला. हा माणूस कुणाला घाबरत नाही, असं वाटलं. घरी जाऊन मी आईलाच सुनावलं. पुढं नर्सिंगला गेले ते तुमच्यामुळं, असं मी अभिमानानं सांगत फिरायचे. आता ते आठवलं की माझीच मला कीव येते.

मग एक दिवस तुम्ही आमच्या डायलिसिस सेंटरवर आलात. तालुक्याच्या गावातलं ते साधं धर्मादाय सेंटर, मशिनी मोजक्या, आणि समोर रस्त्यावरची धूळ. तुम्ही रिटायर झालेले, अंगावर सूज, दोन्ही किडन्या निकामी. मी तुमच्या पाया पडले. तुम्ही सगळ्या पेशंटला ऐकू जाईल असं म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी बरं का!" तुम्हाला खिडकीजवळची तिसरी मशीन आवडायची. आठवड्यातून तीन सकाळी तुम्ही यायचात, मी तुमच्या हातातल्या फुगीर शिरेत सुया लावायचे, आणि चार तास तुमचं रक्त नळीतून मशीनमध्ये जाऊन धुऊन परत यायचं. बरं चाललं होतं तुमचं. सूज उतरली, जेवण जायला लागलं, आवाज परत आला.

आवाज परत आला तेच वाईट झालं. कुणा बाबाकडचं चूर्ण तुम्ही आणायला लागलात. तुम्ही एकटेच ते घेत होता, तोवर मी काय बोलणार? डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं, तुम्ही मान हलवली. पण मग तुम्ही शिकवायला लागलात. खुर्चीवर पडल्या पडल्या, हात मशीनला बांधलेला, आणि तोंडानं तास चालू. मशीन म्हणजे हळू विष आहे, ती शरीराला आळशी करते, किडनीला सवय लागते, असलं काहीबाही. आजूबाजूचे ऐकायचे. शाळेतनं गेल्यापासून तुमचं कुणी ऐकत नव्हतं, सर. घरात सुनेनं तुम्हाला मागच्या खोलीत टाकलं होतं, हे तुम्हीच एकदा बोलून गेला होता. तुम्हाला पुन्हा एक वर्ग पाहिजे होता, आणि तुम्हाला तो मिळाला तो असल्या माणसांचा, ज्यांना उठून जाता येत नव्हतं.

तुमच्या शेजारच्या मशीनवर वाटूर गावची एक बाई यायची. तिशीचीसुद्धा नसेल. ब्लाऊज शिवायची, तिला एक लहान मुलगी होती, आणि प्रत्येक वेळी मला विचारायची, "ताई, अजून किती दिवस हे?" मी खरं सांगायचे, की किडनी मिळेपर्यंत करावंच लागतं. तुम्ही तिला दुसरं सांगितलंत. मी पलीकडच्या पेशंटची पट्टी बांधत होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाई, मी जिंदगीभर विज्ञान शिकवलंय. मी खोटं सांगीन का? हे बंद कर, चूर्ण घे. दोन महिन्यांत शिलाई मशीनवर बसशील."

मी तिला बाजूला घेऊन बजावलं, की एकसुद्धा डायलिसिस चुकवायचं नाही. तिनं हो म्हटलं. पुढच्या वेळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. फोन केला तर नवरा म्हणाला, "तिला बरं वाटून राह्यलंय, सिस्टर." मी ड्युटी संपवून वाटूरला गेले. ती गादीवर पुढं वाकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. चेहरा इतका सुजला होता, की मी क्षणभर दुसरीच कुणी समजले. उशाशी चूर्णाचा डबा. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "सूज उतरायला टाइम लागतो म्हणले सर. ते विज्ञानाचे हायेत ना ताई. तुम्हाला बी त्यांनीच शिकवलंय."

जीप करून तिला आणलं. मशीनला जोडायच्या आधीच तिचं हृदय थांबलं. डॉक्टर आणि मी आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. दाराबाहेर तिचा नवरा तिच्या चपला हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी तुमचा नंबर होता. तुम्ही वेळेवर आलात, वजन केलंत, बाही वर केलीत. शेजारची मशीन रिकामी. मी सांगितलं, ती गेली. तुम्ही म्हणालात, "तिचं तेवढंच आयुष्य होतं, बाळ. वरच्याच्या हातात असतं ते."

"सर, तुम्ही बी चूर्ण घेता ना? मंग तुम्ही डायलिसिस का बंद केलं न्हाई?"

तुम्ही मशीनकडं पाहिलंत, माझ्याकडं नाही. "माझी गोष्ट वेगळी हाय. मला रिस्क घेता येत न्हाई. जल्दी लाव, आणि सुई जरा हळू."

मी हळूच लावली. तुम्हाला दुखू दिलं नाही. त्यानंतर वर्षभर मी तुमच्याशी वजन आणि बीपीपलीकडं एक शब्द बोलले नाही. तुम्ही कधी विचारलंही नाहीत का ते. चूर्णाचा विषय मात्र तुम्ही बंद केलात. पश्चात्तापानं की डॉक्टरांनी तुम्हाला सेंटरचं दार बंद करायची धमकी दिली म्हणून, हे तुम्हालाच माहीत. मी दुसरं कारणच धरून चालते. भेकड माणूस पाहिला की मला आजही तुमचा बाही वर करून पुढं केलेला हात आठवतो. तुमच्या शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून शाळेतून निरोप आला होता. मी ड्युटी आहे म्हणून सांगितलं, आणि ड्युटी खरंच होती.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ती गेली तेव्हा मी रडले नाही. सावरायला तिची माणसं होती, खोली पुसायची होती, पुढचा पेशंट ताटकळत होता. तुम्ही सकाळी झोपेतच गेलात अशी बातमी आली, तेव्हा मात्र मी मशिनींसाठी पाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. बराच वेळ. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या गेलेल्या पोरीला हे कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं, याचीच मला जास्त लाज वाटते.