आई कानाकडे बघायची

४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आज दुकान दुपारपर्यंतच उघडं ठेवलं. दोन घड्याळं दुरुस्त झाली. मग आईचं कपाट आवरलं. तीन चष्मे निघाले. तिन्हींचा तिला उपयोग नव्हता, तरी टाकवेनात.

लिहायचं ते वेगळंच आहे. आई समोरच्याच्या कानाकडे बघून बोलायची. तुझे सासरे पहिल्या भेटीत सारखे कान पुसत होते, आठवतं? डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, सरळ पाहिलं तर तिला माणसाचं तोंडच दिसत नाही, आणि हा आजार मुलांत उतरू शकतो.

आई गेली त्या आठवड्यात तू बोलत होतीस ती माझ्या कानाकडे बघून. तू शाळेची बस चालवतेस. तपासून घे. रागावू नकोस.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा भाऊ

९ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

आई गेल्यावर तुझं हे पहिलं पत्र, आणि त्यात माझी बस काढून घ्यायला निघालास. तुझे भावजी म्हणतात, हिला माझ्या शर्टावरचा चहाचा डाग फाटकातून दिसतो, हिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय.

खरं सांगते, पत्र वाचलं आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सोमवारची वेळ घेतली. तोवर बस दुसरा चालवेल. पण आई तुझीही होती. तूही तपासून घे. दुकानाचं निमित्त सांगितलंस तर येऊन शटर मीच खाली ओढीन.

तुझ्याकडे लोभ काय मागायचा, कान तेवढा माझ्या हाती राहू दे.

ताई

१७ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पास झाले. थेंब घालून पडद्याचे फोटो काढले. केकच्या कापासारखे थरावर थर दिसतात. मग एका यंत्रात मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि कुठेही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मी भीतीनं दिवा नसतानाही दाबत होते. तपासणारी मुलगी म्हणाली, आजी, अंदाजपंचे दाबू नका. अंदाजपंचेपेक्षा आजी जास्त लागलं.

पडदा स्वच्छ आहे. मग कानाचं काय, असं विचारलं तर डॉक्टर हसले. म्हणाले, आईकडून बोलायला शिकलात, तशा बघायलाही शिकलात.

उद्यापासून बस. आता तुझं लिही. तुझं गप्प बसणं मला पाठ आहे.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकानात एकटाच हसलो. समोरच्या गिऱ्हाइकानं घड्याळ परत मागून घेतलं.

आजार माझ्यात उतरलाय. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे. मी भिंग कायम उजव्याला लावतो, त्यामुळे डावा संपावर गेल्याचं कळलंच नाही. यंत्राला कळलं. मधल्या खुणेकडे पाहिलं की खूणच गायब. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, तुमचा डोळा बाजूनं बघायला आपला आपणच शिकलाय. उजव्यात सुरुवात आहे, मध्याला अजून धक्का नाही. किती वर्षं तसा राहील, ते डॉक्टर सांगत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. तोवर दुकान चालू. धावत येऊ नकोस. आलीसच तर बस घेऊन येऊ नकोस.

संध्याकाळी आईचा फोटो भिंतीवर लावला. उजवा डोळा झाकून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुरकट. मग तिच्या कानाकडे पाहिलं, आणि चेहरा आला. फार स्पष्ट नाही, पण तीच. म्हणजे इतकी वर्षं ती आपल्यालाच बघत होती.

लोभ असू दे, आणि भेटशील तेव्हा कानाकडेच बघ. सवय मोडू नकोस.

दूध वर येतंय. उतरवून ठेवतो.

तुझा भाऊ