पाणसळ लावलेलं बुजगावणं

प्रिय माधव,

तू गेल्यावर मी शोकसभेत बोलले, वाचनालयात बोलले, तुझ्या मोजणी खात्यातल्या जुन्या मित्रांसमोरही बोलले. पत्र मात्र लिहिलं नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला कायम रडका प्रकार वाटत आला. आज लिहिते आहे, कारण काल, शनिवारी, तू मला सापडलास. आणि कुठे, तर सांडोरला, सिसिलबायच्या पालकाच्या वाफ्यात! नुसता सापडला नाहीस, आपला सगळ्यात जुना वाद जिंकून गेलास. हरल्याचा एवढा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

थांब, नीट पहिल्यापासून सांगते.

आठवतं, पन्नाशी उलटल्यावर मी घोड्यावर बसायला शिकणार म्हणाले तेव्हा काय गहजब झाला होता? तुझ्या आत्याबाईंचा फोन आला. "या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कसली?" मी फोनवरच भाषणाला उभी राहिले. बाईनं गुडघे दुखायची वाट बघत सोफ्यावर बसून राहायचं, असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय? आणि लिहिलं असेल तर तो ग्रंथ मी वाचलेला नाही, आणि मी पुष्कळ वाचलेलं आहे! तू शेजारी पेपर वाचत होतास. मी फोन ठेवल्यावर एवढंच विचारलंस, "सकाळी किती वाजता निघायचं?"

मग आपण सांडोरला डेरिक सरांच्या मैदानावर जायला लागलो. तीन बाजूंना माड, चौथ्या बाजूला सिसिलबायची भाजीची वाडी, आणि पांढरीशुभ्र घोडी, चांदणी. माझ्या वाट्याला तीच आली. सरांचा नियम कडक. प्रत्येक रपेटीचं चित्रीकरण करायचं आणि घरी जाऊन बघायचं. "खोगिरावर बसल्यावर सगळ्यांना वाटतं आपण राजे दिसतो," सर म्हणायचे. "नंतर व्हिडिओ बघा म्हणजे कळेल."

ते काम तुझं. लाल प्लॅस्टिकची खुर्ची, हातात फोन. मी गोल फिरायचे आणि तू खुर्चीसकट फिरायचास. त्या सगळ्या व्हिडिओंत तुझा आवाज आहे, पण शब्द एकच. "खांदा!" थोड्या वेळानं पुन्हा, "खांदा!"

"उजवा खांदा खाली जातोय तुझा, वृंदा."

"मी सरळ बसते. तुझा फोन वाकडा आहे."

"माझा फोन वाकडा?"

आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला हे मी ऐकवायचे! लोकांच्या घरी गेलास तर भिंतीवरचे फोटो सरळ करणारा तू. खिशात ती छोटी पाणसळ घेऊन हिंडायचास. काचेच्या नळीतला तो हवेचा बुडबुडा मधोमध आला की तुझा चेहरा खुलायचा. एकदा तर मी दुडक्या चालीत घाम गाळत असताना तू खुर्चीवरून गायब! बघते तर कुंपणापलीकडे. सिसिलबायच्या बुजगावण्याचे बांबूचे हात तिरके होते म्हणे. तू ते सोडून, पाणसळ लावून, काथ्यानं पुन्हा बांधत होतास.

सिसिलबाय कमरेवर हात ठेवून बघत होती. "साहेब, बुजगावन्याचं हात सरळ हाय का वाकडं, कोन बघतंय?"

"मी बघतो ना," तू म्हणालास.

मी त्यावर किती दिवस तुझी टर उडवली!

आणि मग तू गेलास. झोपेत, कुणाला त्रास न देता, अगदी तुझ्या स्वभावाला धरून. याचा माझा राग अजून गेलेला नाही हं. लग्नापासून माझ्याशी एकदाही धड भांडला नाहीस. जाताना तरी थोडं भांडायचं होतंस!

मी परत घोड्यावर बसले तेव्हा लाल खुर्ची रिकामी होती. ती तिथून हलवायला मी सरांना बंदी केली. आपल्या इराला हे कळलं आणि तिनं बंगलोरहून एक खोकं पाठवलं. आत बरणीएवढं गोल यंत्र. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचं, वर फोन अडकवायचा, समोर उभं राहून हात वर करायचा. मग ते आपल्याला नजरेत धरून ठेवतं, आणि आपण जाऊ तिकडे मान वळवतं.

माझं डोकं फिरलं. माणसाच्या जागी यंत्र! ज्या विषयावर मी आगाशीपासून नायगावपर्यंत सभा गाजवल्या, त्याच विषयावर माझ्या पोटच्या पोरीनं मला खोकं पाठवावं? मी तिला फोन लावला आणि सुरू झाले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तुझीच मुलगी.

"आई, भाषण नंतर. आधी ते चार्ज कर."

केलं. खोटं कशाला सांगू, दोन रपेटींत मला ते आवडायला लागलं. डावीकडे जा, बघतंय. उजवीकडे वळा, बघतंय. वेग वाढवा, लगेच मान गर्रकन फिरली. नवी नवरी असताना मी स्वयंपाकघरातून अंगणात गेले तरी अशीच एक मान माझ्यामागे फिरायची. मी यंत्राचं नाव आत्याबाई ठेवलं. आता मैदानावर सगळेच म्हणतात, "मॅडम, आत्याबाई आणल्यात ना?"

आत्याबाईंच्या खोडीही तशाच. मी माडाआड गेले की बावरतात आणि दुसरा माणूस धरतात. एकदा घरी येऊन बघते तर माझ्या रपेटीऐवजी डोक्यावर टोपली घेऊन निघालेल्या सिसिलबायची वाडीपासून रस्त्यापर्यंतची अख्खी मिरवणूक! तिला दाखवली तर म्हणते, "बाय, माझ्या लग्नात पन असं शूटिंग नव्हतं झालं."

उणीव फक्त एवढीच होती की आत्याबाई बघतात सगळं, बोलत काही नाहीत.

दिवाळीनंतर चांदणी लंगडायला लागली. उजवा पुढचा पाय. डॉक्टर आले, खूर तपासले, पाय दाबून बघितला. काही सापडेना. सरांनी हातात धरून पळवली की ठीक, मी वर बसून दुडकीला लागले की लंगडी. विश्रांती दिली, मालीश केलं. मी बसले की पुन्हा तेच. सरांनी शेवटी कपाळाला हात लावला. "वय झालं मॅडम. आता तिला वजन सोसत नाही." विरारचा एक वरातवाला तिला मागत होता. वरातीत काय, रमतगमत चालायचं असतं, दुडकी कुणाला हवी? रविवारी तो टेम्पो घेऊन येणार असं ठरलं.

वरात, माधव! गणपतीत लांब कुठे फटाका वाजला तरी तबेल्याच्या कोपऱ्यात थरथरत उभी राहणारी ती. तिच्या अंगावर झगमगती झूल, पुढे डीजे, पायाशी माळा फुटताहेत.

शुक्रवारी मी सरांसमोर उभी राहिले आणि बोलले. ज्या जनावरानं आपल्याला पाठ दिली त्याला आपण काय देणार, इथून सुरुवात केली आणि पार माणुसकीच्या इतिहासापर्यंत गेले. चांगलं झालं भाषण. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम, टाळ्या वाजवू का?" ते म्हणाले. "मला पण ती हवीय. पण तिच्या पायाचं काय करू ते सांगा."



काल सकाळी शेवटची रपेट घेतली. अगदी सावकाश, आठवण म्हणून. घरी येऊन पोहे केले आणि ताटली पुढ्यात घेऊन व्हिडिओ लावला. पहिल्या फेरीत मी होते. मग मी तबेल्याआड गेले, आत्याबाई बावरल्या, इकडे तिकडे मान फिरवली आणि एका माणसावर जाऊन थांबल्या. त्या थांबल्या त्या थांबल्याच! माणूस हलेना, त्याही हलेनात. माझ्या शेवटच्या रपेटीवर यांनी पाणी फिरवलं म्हणून मी ताटली आपटली आणि बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात शर्ट दिसला.

निळ्या चौकड्यांचा. खिशाला शाईचा डाग. तुझे कपडे मी मागच्याच आठवड्यात सिसिलबायला दिले होते, तिच्या नवऱ्यासाठी. नवरा तुझ्या खांद्याएवढा, त्याला शर्ट झाला असेल झग्यासारखा. मग तिनं तो बुजगावण्याला चढवला. वर गवताची टोपी. दोन्ही हात पसरून तू पालकात उभा होतास, आणि तुझ्या डोक्यावर बगळा बसलेला!

मी हसले. इतकी हसले की शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. इराला फोन केला. "अगं, आत्याबाईंनी बाबांना शोधून काढलं!"

"आई, बीपीची गोळी घेतलीस ना?"

हसता हसता मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, फक्त तुला बघायला. मैदानाच्या मधल्या रेषेवरून मी प्रत्येक फेरीत थेट तुझ्या दिशेनं जात होते, कॅमेऱ्याकडे पाठ करून. पुढे माझे दोन खांदे, पलीकडे तुझे दोन हात. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला माझं हसू थांबलं.

तुझे हात सरळ होते. माझा उजवा खांदा त्यांच्याखाली चांगला वीतभर गेलेला होता. कॅमेरा माझ्यामागे फिरतो तेव्हा सगळंच हलत असतं, तिरकं काय ते समजत नाही. काल तो पहिल्यांदाच स्थिर होता. आणि फोन वाकडा म्हणावं, तर तुझे हातही वाकडे दिसायला हवेत ना? ते तर तू पाणसळ लावून बांधलेले!

स्कूटर काढली आणि सांडोर गाठलं. डेरिक सर खराटा मारत होते. त्यांनी व्हिडिओ थांबवला, खराट्यातला एक हीर मोडून फोनवर तुझ्या हातांच्या रेषेत आडवा धरला.

"मॅडम, रागावू नका हां. घोडी सरळ आहे. तुम्ही कलंडताय."

"मी?"

"स्टेजवर पण अशाच असता. उजवं कोपर टेकवून. तिच्यावर टेबल समजून बसताय."

मग त्यांनी चपला काढल्या आणि स्वतःच चांदणीवर बसले. इतके दिवस दया म्हणून बसले नव्हते. माझ्या दीडपट तरी वजन असेल! आणि चांदणी दुडकीला लागली, चारही पाय एका तालात. सर वरून ओरडत होते, "बघा! बघा मॅडम! हिला काय झालंय?"

झालं काय होतं, तर तू गेला होतास. "खांदा!" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी दर आठवड्याला थोडी थोडी कलत गेले आणि त्या बिचारीनं ते सगळं एका पायावर तोललं. तू असताना हे का नाही मला हात धरून पटवलंस? एकच शब्द काय बोलायचास! पण तेवढ्या एका शब्दावर ती घोडी सरळ चालत होती, हे मला कुठे माहीत होतं?

लगेच मी वर बसले. सरांनी कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "सिसिलबाय, मॅडमचा उजवा खांदा पडला की ओरडायचं!"

"भाजी कापू का ओरडू?"

"दोन्ही."

आणि काय ओरडली रे! पहिल्या फेरीत चार वेळा. "बाय, खांदा! अगो बाय, खांदा!" तिच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे कुजबुज. मी आखडून बसले, पाठ भरून आली, मांड्या थरथरल्या, पण आठव्या की नवव्या फेरीला ती ओरडायची थांबली, आणि माझ्याखाली चांदणी तालात धावायला लागली. लंगडणं नाही, अडखळणं नाही. समोर तू हात पसरून उभा. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बगळा उडाला एवढं खरं.

आज सकाळी टेम्पो आला. सिसिलबाय मिस्सा आटोपून, चर्चच्या साडीतच कुंपणाशी येऊन उभी होती, माझं भाषण ऐकायला. सरही हात बांधून तयारीत. मी वरातवाल्याला म्हणाले, "माफ करा, घोडी बरी आहे. चहा घेऊन जा." संपलं. त्यानं चहा घेतला आणि गेला. सिसिलबायचा चेहरा पडला. "एवढंच? यासाठी मी नाश्ता सोडून आले!"

शर्ट तिनं परत देऊ केला. "चुकलं माजं बाय, मला वाटलं जुना हाय." मी नको म्हणाले. तिथेच राहू दे. तुला घरातल्या कपाटापेक्षा मोकळं रान जास्त आवडायचं, आणि बघायला समोर घोडीही आहे. आत्याबाईंचं तिकाटणं आता तुझ्या लाल खुर्चीवरच ठेवते. त्या माझ्यामागे फिरतात, तू एका जागी उभा राहतोस. दोघंही लागतात, हे मला आता पटलंय. पुढच्या सभेत तसं सांगेनही. कोपर न टेकवता.

तुला एक वचन देते. पावसाआधी सिसिलबाय बुजगावणं उपटून ठेवेल तेव्हा तुझा शर्ट मी घरी आणीन, धुऊन इस्त्री करून ठेवीन. नव्या भाजीच्या वेळी तो परत न्यायचा. आणि बांबूचे हात दर वर्षी मीच बांधीन, तुझी पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. कोन बघतंय असं कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

तुझीच,
खांदा वर धरून बसलेली,
वृंदा