तनूचे चिंचोके

१७ नोव्हें., सोम.
तिसरी ‘ब’ची नवी पोट्टी, तनू, आज चारदा जागेवरून उठली. बाप मंत्रालयात बाबू. छत्तीसगड वेगळं होऊन राजधानी रायपुरात आली तसे हे भोपाळहून इकडे. दोन वर्षांत तिसरी शाळा लेकराची. घरी मराठी, पण माझ्याशी हिंदीतच. “बस ना गं.” “हव मैडम.” ‘हो’ले इथलं ‘हव’ बरं लवकर शिकली! पाच मिनिटांत परत उभी.

१८, मंगळ.
हेड आमच्या बडी दीदी. त्यांनी तनूसाठी फॉर्म दिला. ‘जागेवरून उठते’, ‘लक्ष लागत नाही’... पुढे खाने : कभी नहीं, कभी-कभी, अक्सर, हमेशा. शनिवारी पाहिजे. ‘हमेशा’ निघालं तर बापाले बोलावून टीसी हातात देणार, शाळेतून नावच काढणार. अंदाजानं नाही भरणार बाप्पा. मोजीन.

१९, बुध.
घरून चिंचोके नेले. तनू उठली की टेबलावरच्या स्टीलच्या डबीत एक टाकायचा. आज ९. आमचे ‘हे’ हसून राहिले, “पोट्ट्या शिकवते का अष्टचंगा खेळते?” हसा.

२०, गुरु.
१४. उठते, माझ्याकडे टकमक पाहते, अन् बसते. कोडगी कुठली! डोकं तापलं, ओरडली मी. तोंड एवढंसं झालं तिचं. मले वाईट वाटलं. पण चिंचोका टाकलाच.

२१, शुक्र.
२३!! अन् गणितं सगळी बरोबर, सगळ्यांच्या आधी. काय समजायचं माणसानं?

२२, शनि.
भरला. ‘जागेवरून उठते’ – हमेशा. पेनानं, खाली सही. बडी दीदी : “मंगल को पिताजी को बुला लेते हैं.” येताना गोल बाजारातून कुकरचं रबर आणलं. भाजी विसरली.

२४, सोम.
मधल्या सुट्टीत तनू टेबलाशी आली. डबी हळूच हलवून पाहिली.
“मैडम, कितने में भरेगी?”
“काय गं?”
“मेरी डिब्बी. मैं खड़ी होती हूँ तो आप एक डालती हो ना.”
अगं माय! पोट्टीले वाटलं, मी बक्षीस देऊन राहिली. तीन दिवस ती माझ्यासाठी उठत होती, अन् मी त्याचं ‘हमेशा’ केलं. तीन शाळांत तिच्या नावानं कोणी काही जमा केलं नसेल. इतकं रडू आलं मले, फळा पुसत उभी राहिली.
मग म्हटलं, “तनू, आता बसलीस की टाकीन.”
शेवटच्या दोन तासांत दोनदाच उठली. दोन्ही वेळा स्वतःच जीभ चावून खाली.
सुटल्यावर बडी दीदींकडे गेली. फॉर्म परत द्या, चुकीचा भरला.
“दस्तख़त तो आपके हैं.”
“जी. ग़लती भी मेरी है.”
“कल पिताजी के सामने बोलिएगा.”
फॉर्म काही दिला नाही.

२५, मंगळ. स्टाफरूम, पावणेअकरा.
अकराले बाप येणार. काय सांगू? डबी नव्हती त्या दिवशीही चारदा उठली होतीच, ते लपवणार नाही. पण चार म्हणजे ‘अक्सर’ का ‘कभी-कभी’? बाकीच्या पोट्ट्यांले मी कधी मोजलं? एकालेही नाही.
आत्ता खिडकीतून पाहिलं, बाप फाटकाशी सायकल लावून राहिला. तनू धावत स्टाफरूमच्या दारात आली. पहिल्यांदा मराठीत बोलली माझ्याशी.
“मॅडम, डबी आणली ना? बाबाले दाखवायची आहे.”